पांढऱ्या डब्यामागचा बॉयलर

ती केस मला अजून काल घडल्यासारखी आठवते. खून नव्हता, दरोडा नव्हता. भानगड होती घर गरम ठेवणाऱ्या बॉयलरची. नोकरीत मी याहून मोठे गुन्हेगार पकडले, पण इतका आनंद मला दुसऱ्या कुठल्याच अटकेने दिला नाही.

मी तेव्हा नॉटिंगहॅमला डिटेक्टिव्ह सार्जंट होतो. शाळेत असताना आईवडिलांबरोबर नागपूरहून इथे आलो. वडील हॉस्पिटलात डॉक्टर. मुलगाही डॉक्टर होणार असं त्यांनी गृहीतच धरलं होतं, आणि मी पोलिसात भरती झालो. त्यांनी बरेच दिवस माझ्याशी धड बोलणं टाकलं होतं. असो, तो विषय वेगळा.

दोन हजारच्या दशकातली शेवटची वर्षं होती. घरं आणि सरकारी इमारती गरम ठेवण्यात जो गॅस जळतो आणि हवा खराब होते, ते कमी करायचं सरकारने मनावर घेतलं होतं. आमच्या कौन्सिलने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, योजना काढली. म्हाताऱ्या माणसांच्या घरातले आणि कम्युनिटी हॉलमधले जुने, गॅस पिणारे बॉयलर काढायचे आणि कमी गॅसवर चालणारे नवे बसवायचे, तेही फुकट. ठेकेदार बॉयलर बसवणार, कौन्सिलची इंजिनीअर घरी जाऊन तपासणार, तिने पास केलं की काम पूर्ण. योजना चांगली होती. आजही माझं तेच मत आहे.

हिवाळ्याच्या तोंडावर एका सकाळी स्टेशनवर निरोप आला. एक निवृत्त इंग्रज शिक्षक स्वतःच्या स्वयंपाकघरात बेशुद्ध सापडले होते. बायकोने वेळेवर खिडक्या उघडल्या म्हणून वाचले. कारण निघालं कार्बन मोनॉक्साइड. या वायूला वास नाही, रंग नाही. माणसाला झोप येते आणि तो उठत नाही. आमच्या गॅसतज्ज्ञाने बॉयलरवरचा पांढरा पत्र्याचा डबा उघडला, तर आत जुनाच बॉयलर. वर नवा कोरा डबा चढवलेला आणि धुराची नळी कशीबशी जोडलेली. आणि हे घर तर नवा बॉयलर बसला म्हणून पास झालेलं होतं.

त्याच दुपारी एक निनावी फोन आला. पुरुषाचा आवाज, गोड बोलणं. "कौन्सिलच्या त्या इंडियन बाईला विचारा," तो म्हणाला. "घरात पाऊल न टाकता पास करते ती. सगळ्यांना माहीत आहे."

निनावी फोनबद्दल माझा अनुभव सांगतो. खरंच घाबरलेला माणूस अडखळतो, मध्येच थांबतो, फोन ठेवायची घाई करतो. हा माणूस आरामात बोलत होता. मी मनात खूणगाठ बांधली, पण फोन आला म्हणजे चौकशी करणं भाग होतं.

ठेकेदाराला आधी बोलावलं. गोरापान, हसरा, हात पुढे करून भेटणारा. दर ख्रिसमसला म्हाताऱ्यांना केक वाटणारा माणूस. तो अगदी खजील चेहरा करून म्हणाला, "सार्जंट, चूक झाली. नव्या बॉयलरचा माल आला नव्हता. त्या मॅडम म्हणाल्या, तूर्त जुनाच असू दे, मी पास करते, माल आला की बदल. मी त्यांचं ऐकलं."

सगळं त्या बाईवर येऊन थांबलं. ती पुण्याची. नवरा आयटीत, मुलगी इथल्या प्राथमिक शाळेत. तिघांचा इथला मुक्काम होता तो तिच्या वर्क व्हिसावर. माझ्या इन्स्पेक्टर साहेबांनी मला दारातच अडवलं.

"तुझ्या ओळखीची आहे?"

"नाही, सर."

"तुझ्या भाषेची तर आहे. मऊ पडलास तर केस काढून घेईन."

मला राग आला, पण साहेबांचं चुकत नव्हतं. ती मला मराठी म्हणून निर्दोष वाटायला लागली असती तर मी पोलीस कसला?

चौकशीच्या खोलीत आम्ही नव्या टेपचं सील तिच्यासमोर फोडलं, मशीन सुरू केलं, कायद्याची सूचना वाचून दाखवली. वकील शेजारी बसले होते. ती पाठ ताठ करून बसली होती.

"त्या घरी तुम्ही गेला होतात?" मी इंग्रजीत विचारलं.

"गेले होते. बॉयलर उघडून बघितला. नवा होता."

"तिथे जुना सापडला आहे."

"मी नवा बघितलाय." आणि मग तिचा धीर सुटला आणि ती मराठीत आली. "अहो सर, मी स्वतः पॅनल काढून चेक केलाय हो. त्या काकांनी मला चहा दिला. मी खोटं का बोलू? माझी मुलगी इथे सेटल झालीये, चार्ज लागला तर आम्हाला महिन्याभरात सगळं पॅक करून निघावं लागेल. पण व्हिसाचं सोडा, तो माणूस माझ्यामुळे मेला असता असं लोकांना वाटतंय, ते मला सहन होत नाहीये."

मला तिला सांगावं लागलं, "टेपसाठी कृपया इंग्रजीत बोला." किती कोरडं वाटलं असेल तिला ते. मलाही वाटलं.

हॉस्पिटलमध्ये शिक्षकांना विचारलं. ते अजून ऑक्सिजनवर होते. "ती आली होती," ते म्हणाले. "म्हणाली नवा आहे, सुरक्षित आहे. मी तिच्यावर विश्वास ठेवला." त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. म्हणजे ती घरी गेली होती हे नक्की झालं, पण त्यामुळे तिची बाजू आणखीच वाईट दिसायला लागली. समोर जुना बॉयलर असताना नवा म्हणून पास केला, एवढाच त्याचा अर्थ निघत होता. कौन्सिलने तिला घरी बसवलं. स्थानिक पेपरात योजनाच बंद करा म्हणून पत्रं यायला लागली. चोर एक आणि शिक्षा सगळ्या गारठलेल्या म्हाताऱ्यांना, हे माझ्या डोक्यात जाऊन बसलं.

मग मी पोलिसाचं सगळ्यात कंटाळवाणं काम सुरू केलं. त्या ठेकेदाराने काम केलेल्या प्रत्येक घरी जायचं, बसायचं आणि ऐकायचं. जवळपास सगळे खूश होते. घर गरम होतं, ठेकेदार सज्जन होता. बॉयलर पांढऱ्या डब्याआड, आत कोण बघतंय?

असाच एका दुपारी मी एका मराठी काकूंच्या घरी पोचलो. काकू निवृत्त भूलतज्ज्ञ. आयुष्यभर ऑपरेशन थिएटरमध्ये लोकांना झोपवून परत उठवण्याचं काम केलेलं, त्यामुळे आवाजात हुकमत होती. यजमान वारल्यावर एकट्या राहत होत्या. माझं आडनाव ऐकलं आणि चौकशीची सूत्रं त्यांनी आपल्या हातात घेतली.

"कुठला रे तू? नागपूरचा? मग उभा काय राहिलास? बस. आज उपास आहे माझा, खिचडी केलीये. पोलीस ड्युटीवर खात नाहीत वगैरे मला सांगू नकोस."

समोर साबुदाण्याची खिचडी आणि वाटीत घट्ट दही आलं. सुरी लावली तर वडी पडेल असं. इंग्लंडच्या थंडीत असं दही म्हणजे नवल. आमच्या घरी आई विरजण लावून भांडं ब्लँकेटमध्ये गुंडाळायची, तरी निम्म्या वेळा दूधच राहायचं.

"काकू, हे दही घरी लावलेलं?"

"नाहीतर काय? बॉयलरच्या डोक्यावर ठेवते मी भांडं. इथल्या आपल्या सगळ्या बायका तेच करतात. जुन्या बॉयलरमध्ये एक बारीकशी ज्योत सतत जळत असते ना, त्याने डोकं कायम कोमट." मग त्यांनी ठेकेदाराचं कौतुक सुरू केलं. "पण तो माणूस मात्र गुणी हं. नवा बॉयलर बसवला आणि माझं दही लागेना. हात लावला तर वरून थंडगार. ती कौन्सिलची पोरगी तपासायला आली होती, तिलाही मी बोलले. ती म्हणे, काकू, नव्यात ज्योत नसते, गॅस वाचतो, दही आता लागायचं नाही. म्हटलं, छान, पृथ्वी वाचवा आणि मला दुकानातलं आंबट दही खायला घाला! मग मी ठेकेदारालाच फोन केला. लगेच त्याची माणसं आली, सर्व्हिसिंग म्हणून तासभर खाटखुट केली आणि काय सांगू, दुसऱ्या दिवसापासून पहिल्यासारखं दही! याला म्हणतात सर्व्हिस."

माझा चमचा वाटीतच राहिला.

"काकू, परत सांगा. नवा आला तेव्हा दही लागलं नाही?"

"नाही."

"ती इंजिनीअर तपासून गेली, त्यानंतर ती माणसं आली? आणि मग लागलं?"

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. हुशार बाई, त्यांना जास्त सांगावं लागलं नाही. त्या उठल्या आणि स्वयंपाकघराचं दार उघडून सगळ्या खिडक्या सताड उघडल्या. मी गॅसतज्ज्ञाला फोन लावला. डबा उघडला, आत त्यांचा तो जुना, काळवंडलेला बॉयलर.

"मेल्याने मला ठकवलं," काकू म्हणाल्या, "आणि मी त्याला दिवाळीचा चिवडा पाठवला!"

आता चित्र स्पष्ट झालं होतं. ठेकेदार खरोखरच नवा बॉयलर बसवत होता. तपासणी होईपर्यंत तो घरात असायचा. इंजिनीअर तो बघून पास करायची, आणि मग सर्व्हिसिंगच्या नावाखाली त्याची माणसं नवा काढून जुना परत बसवायची आणि वर पांढरा डबा चढवायची. काढलेला नवा पुढच्या घरी, आणि कौन्सिलकडून पैसे मात्र प्रत्येक घरामागे एका नव्या बॉयलरचे. त्यावरची नंबराची पट्टी तेवढी बदलायची. पुण्याची ती बाई पुन्हा पुन्हा तोच बॉयलर तपासत होती आणि प्रत्येक वेळी खरंच बोलत होती.

साहेबांना सांगितलं तेव्हा त्यांनी डोळे मोठे केले. "तू मला सांगतोस की आपला पुरावा दही आहे?"

"पुरावा नाही, सर. पण कुठे खणायचं ते कळलं."

पहिलं काम लोकांचा जीव वाचवायचं. फायर ब्रिगेडच्या माणसांना विनंती केली. त्यांनी हिवाळ्याची मोहीम म्हणून त्या ठेकेदाराच्या सगळ्या घरांत वायूची सूचना देणारे अलार्म लावले आणि जाता जाता नळ्याही तपासल्या. जिथे धोका दिसला तिथला गॅस बिघाडाचं निमित्त सांगून बंद केला आणि विजेचे हीटर दिले. तोवर काकूंनी त्यांच्या भिशीच्या मैत्रिणींना फोन फिरवले. फोनवर प्रश्न एकच, "काय गं, दही कसं लागतंय हल्ली?" मराठी, गुजराती, पंजाबी, सगळ्या स्वयंपाकघरांतून तीच कहाणी आली. मध्ये थोडे दिवस बिघडलं, मग सुधारलं. आमची आख्खी डिटेक्टिव्ह शाखा लावली असती तरी इतक्या झटपट माहिती मिळाली नसती.

पण साहेबांचा मुद्दाही बरोबर होता. न्यायालयात ठेकेदाराचा वकील म्हणाला असता, सगळीकडे जुनेच बॉयलर होते आणि बाईने सगळीकडे डोळेझाक केली. बॉयलर घराघरांतून फिरतो हे दाखवायला तो फिरताना पकडायला हवा होता. ठेकेदार आमचा साक्षीदार म्हणून निर्धास्त होता. कौन्सिलने दुसरा तपासनीस नेमला होता आणि कामं चालू होती.

काकूंच्या एका मैत्रिणीकडे त्याच आठवड्यात नवा बॉयलर बसणार होता. सायकली चोरीला जाऊ नयेत म्हणून आम्ही लोकांना एक पेन फुकट वाटायचो. त्याने लिहिलेलं साध्या डोळ्यांना दिसत नाही, खास निळ्या दिव्याखाली चमकतं. तसलं एक पेन मी काकूंना दिलं. पण ठेकेदाराची माणसं असताना बॉयलरजवळ जाऊन लिहायचं कसं?

"त्यात काय," काकू म्हणाल्या. "नवी वस्तू घरात आली की आपण काय करतो?"

त्या हळदीकुंकवाचं तबक घेऊन मैत्रिणीकडे गेल्या. माणसं अवजारं आवरत होती. काकूंनी बॉयलरला हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं, हात जोडले. माणसं एकमेकांकडे बघून हसली आणि बाजूला झाली, कारण हा सोहळा त्यांनी आमच्या बायकांच्या घरी बऱ्याचदा पाहिला होता. तेवढ्यात काकूंनी खाली वाकून बॉयलरच्या खालच्या कडेला त्या घराचा नंबर आणि पोस्टकोड लिहिला. नंतर मला म्हणाल्या, "हात अजिबात हलला नाही बघ. इतकी वर्षं सुया टोचल्यात."

तपासनीस आला, पास करून गेला. पाठोपाठ सर्व्हिसिंगवाले आले आणि आमच्या साध्या कपड्यांतल्या माणसाने बॉयलर व्हॅनमध्ये चढताना पाहिला. व्हॅन थेट एका कम्युनिटी हॉलवर गेली. तिथे दुपारी निवृत्त लोकांचा जेवणाचा क्लब चालायचा. खालच्या खोलीत तो बॉयलर भिंतीवर चढला आणि ठेकेदार स्वतः काम बघायला आला, तेव्हा मी आत गेलो. सोबत सर्च वॉरंट आणि तो निळा दिवा.

बॉयलरच्या कपाळावर कुंकवाचा पुसट डाग होता. मी त्याकडे बोट दाखवलं.

ठेकेदार मोकळेपणाने हसला. "ते तुमचेच लोक लावतात ना, सार्जंट? दर घरी. कारखान्यातून आलेला डागसुद्धा असेल तो."

"असेल," मी म्हणालो. "बत्ती मालवा जरा."

खोलीत अंधार झाला आणि मी दिवा लावला. खालच्या कडेला काकूंच्या वळणदार अक्षरात त्या मैत्रिणीच्या घराचा नंबर आणि पोस्टकोड लख्ख चमकायला लागला. डॉक्टरांचं अक्षर वाचता येत नाही म्हणणाऱ्यांनी ते बघायला हवं होतं. ठेकेदाराचं हसू पार उतरलं. मी त्याला अटक केली आणि हक्क वाचून दाखवले. हातात बेड्या घालून वरच्या हॉलमधून नेताना जेवायला बसलेली मंडळी वळून बघायला लागली. त्यातली निम्मी त्याचा केक खाल्लेली होती.

 चौकशीत मी त्याला तो निनावी फोन करणारा आवाज कोणाचा होता ते विचारलं. त्याने वकिलाकडे पाहिलं. आरामात बोलण्याची सवय अशी एकदम जाते तेव्हा माणूस फार लहान दिसतो. "बाई फार बारकाईने तपासायची," तो शेवटी म्हणाला. "आज ना उद्या तिच्या लक्षात आलं असतं. म्हणून तिलाच आधी अडकवायचं ठरवलं." न्यायालयात त्याला तुरुंगवास झाला, त्याच्या माणसांनाही.

इंजिनीअरला मी स्वतः फोन केला. तिच्यावरचे सगळे आरोप मागे घेतले आहेत हे अधिकृत इंग्रजीत सांगितलं. तिने तितक्याच अधिकृत इंग्रजीत आभार मानले. मग मी मराठीत म्हणालो, "टेप बंद आहे. आता बोला." ती रडायला लागली आणि मागून तिच्या मुलीचा आवाज आला, "आई, काय झाला? आपण जायचा नाही ना?" "नाही गं," ती म्हणाली. "कुठेही जायचं नाही." फोन ठेवल्यावर मी ऑफिसात उभा राहून टाळ्या वाजवल्या. साहेबांनी काचेतून पाहिलं आणि तेही वाजवायला लागले.

योजना बंद झाली नाही. कौन्सिलने तिला नुसतं परत घेतलं नाही, तर सगळी कामं नव्याने करवून घेण्याची जबाबदारी तिच्यावरच दिली. त्या हिवाळ्यात प्रत्येक घरात आणि त्या हॉलमध्येही खरे, स्वतःचे, कायमचे नवे बॉयलर बसले.

या केसने मला एक गोष्ट शिकवली. आम्ही पोलीस तक्रारी कान देऊन ऐकतो, कारण आमची नोकरीच ती. पण लोक कोणाचं कौतुक करतात आणि कशाबद्दल करतात, तिकडे आमचं लक्ष नसतं. ठगाचं कौतुक त्याने फसवलेली माणसंच सगळ्यात मनापासून करतात. त्यानंतर मी तरुण अधिकाऱ्यांना नेहमी सांगत आलो, कोणी म्हणालं की तो माणूस फार चांगला आहे, तर विचारा, काय केलं त्याने? आणि पूर्ण उत्तर ऐकून घ्या.

शिक्षक बरे होऊन घरी आले, त्या दिवशी त्यांच्याकडे नवा बॉयलर बसत होता. मीही गेलो होतो. काम झालं, कारागीर म्हणाला, चालू करू का? म्हातारबुवांनी हात आडवा केला. स्वयंपाकघरात गारठा होता, ते कोट घालून काठीवर टेकून उभे होते आणि त्यांच्या बायकोने दोनदा सांगितलं की बसून घ्या. ते बसले नाहीत. दारावरची घंटा वाजली तेव्हा ते स्वतः दार उघडायला गेले. दारात ती पुण्याची इंजिनीअर उभी होती, हातात अवजारांची पिशवी, आत यावं की नाही अशा चेहऱ्याने.

"तुम्ही बघितल्याशिवाय मी हा चालू करू देणार नाही," ते तिला म्हणाले. "मॅडम, या आत."

तिने डोळे पुसले, पिशवी खाली ठेवली आणि पॅनल उघडलं.

"नवा आहे," ती म्हणाली. "सुरक्षित आहे."

"मग लावा," म्हातारबुवा म्हणाले आणि आता कुठे खुर्चीत बसले.